न पाहिलेल्या मोटारीची आठवण



दिल्लीचा हिवाळा ओसरू लागला, की येथील लोक जुन्या मोटारींच्या दिवसाची वाट पाहू लागतात. ‘स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने १९६४ साली राजधानीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली आणि कॅनॉट प्लेसजवळचे स्टेट्समन हाउस व ही मिरवणूक यांचे नाते दिल्लीकरांच्या मनात कायमचे जुळले. रॅलीला कोणी शर्यत म्हणतात, पण ते रूढीने. येथे पुढे जाणाऱ्यापेक्षा शेवटपर्यंत चालत राहणाऱ्याचे कौतुक अधिक. पितळी दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या, लांबलचक बॉनेटच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, मालक मऊ फडक्याने आधीच लखलखणारे मडगार्ड पुन्हा पुसत असतात आणि भोवती बघ्यांची दाटी झालेली असते.

या दाटीत एक वाक्य हमखास कानी पडते : “आता अशा गाड्या कुठे राहिल्या!” मौज अशी, की हे वाक्य उच्चारणारा गृहस्थ बहुधा बसने किंवा मेट्रोने आलेला असतो. त्याच्या वडिलांकडे सायकल होती, आजोबांकडे तीही नव्हती. समोर उभ्या असलेल्या गाडीत तो कधी बसलेला नाही आणि बसण्याचा संभवही नाही. तरीही त्याच्या स्वरातली हळहळ खोटी नसते. आपल्या हातून गेलेल्या वस्तूबद्दल हुरहुर वाटावी हे स्वाभाविक आहे; परंतु जी वस्तू कधी आपली नव्हती, कित्येकदा जी आपण पाहिलीही नाही, तिच्या आठवणीने माणूस व्याकूळ का होतो, आणि अशी आठवण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचायची तर कशाची आवश्यकता असते, याविषयी आज थोडे बोलावे असा विचार आहे.

अतिवेगवान, अतिमहाग आणि अतिसुंदर अशा मोटारीला हल्ली ‘सुपरकार’ म्हणतात. इटलीच्या लाम्बोर्गिनी कारखान्याने १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘मिउरा’ नावाची गाडी मांडली, तेव्हापासून हा शब्द विशेष रूढ झाला. चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले बारा सिलिंडरांचे इंजिन आणि त्याभोवती मार्चेल्लो गांदिनी या तरुण रेखनकाराने घडवलेला देह, असे तिचे रूप होते. आजही जगभरचे शौकीन तिचे नाव काढताच हळवे होतात. पण शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आणि तिच्या शोधात मराठी श्रोत्याला इटलीपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. इंदूरपर्यंत गेले तरी पुरे.

इंदूरचे अखेरचे सत्ताधीश महाराज यशवंतराव होळकर यांचा जन्म १९०८ सालचा. वडील तुकोजीराव यांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि हा सतरा वर्षांचा मुलगा संस्थानाचा धनी झाला. शिक्षण ऑक्सफर्डला झालेले. संस्थानिक म्हटला म्हणजे जरीपटका, हिऱ्यांचा शिरपेच आणि हत्तीवरची अंबारी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. यशवंतरावांची अभिरुची अगदी वेगळी होती. त्यांना जुन्याचे नव्हे, तर आज-उद्याचे आकर्षण होते. एकार्ट मुटेझियस या तरुण जर्मन वास्तुशिल्प्याकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा उभारून घेतला. कमानी नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, धातू, काच आणि वातानुकूलित दालने. ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे शिल्प त्यांनी घेतले, तेव्हा युरोपातही पुष्कळांना ते शिल्प वाटत नव्हते.

अशा माणसाने मोटार मागवली ती अमेरिकेची ड्यूसेनबर्ग.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे दोघे भाऊ जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेले. विद्यापीठाची पायरी न चढता हाताने काम करत ते यंत्रज्ञ झाले. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री जिंकली आणि १९२४, १९२५ व १९२७ या तीन वर्षी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. यंत्रात कुशल, व्यवहारात मात्र कच्चे, असा हा जुनाच प्रकार. १९२६ मध्ये कॉर्ड नावाच्या धाडसी उद्योगपतीने त्यांचा कारखाना विकत घेतला आणि फ्रेडला सांगितले, की जगातली सर्वांत थोर मोटार तयार कर. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती ‘मॉडेल जे’ या साध्या नावाने प्रकट झाली.

तिचे थोरपण समजण्यासाठी एकच तुलना पुरे. त्याच काळात घरोघर पोहोचलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीची शक्ती ४० अश्वशक्ती होती. ड्यूसेनबर्गच्या कारखान्याने आपल्या गाडीची शक्ती जाहीर केली २६५. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट. ही रचना सामान्य मोटारींत यायला पुढे अर्धे शतक लागले. १९३२ पासून काही गाड्यांना सुपरचार्जर जोडण्यात आला. हा पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. हवा अधिक मिळाली म्हणजे पेट्रोलही अधिक जाळता येते, आणि तेवढ्याच इंजिनातून अधिक जोर निघतो. शक्ती गेली ३२० वर. चालता चालता गाडी आपल्या सांध्यांना आपणच तेल देई, आणि इंजिनाचे तेल बदलण्याची वेळ झाली की समोरच्या फळीवर दिवा लागे. रथाचा सारथी जी काळजी घेई, ती येथे रथच घेऊ लागला होता.

कारखाना केवळ चॅसी आणि इंजिन देत असे. वरचा देह गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यावा अशी तेव्हाची रीत होती. शिंप्याकडून अंगरखा शिवून घ्यावा तशीच ही रीत. होळकरांच्या गाडीचा देह लंडनच्या गर्नी नटिंग या प्रख्यात कारागिरांकडे घडला. साल १९३५-३६. प्रचंड लांबीचे बॉनेट, पाठीमागे निमुळती होत गेलेली शेपटी, रंग नारिंगी आणि काळा. आणि एवढ्या अवाढव्य गाडीत बसण्याची सोय मुख्यतः दोघांची. व्यवहारी दृष्टीने पाहिले तर याहून निरुपयोगी वाहन शोधून सापडणार नाही. खऱ्या शौकिनाला तेच भावते. माल वाहणे, माणसे पोहोचवणे, वेळ वाचवणे यांपैकी कोणतीही सबब न सांगता यंत्र येथे आपल्या सर्व सामर्थ्यानिशी समोर उभे असते, आणि पाहणाऱ्याला वाटते, की माणसाचा हात एवढे करू शकतो. बसने आलेल्या त्या गृहस्थाची हळहळ मला वाटते येथून उगम पावते. ती मालकीची हळहळ नव्हे. कोणी एकदा हे इतके चांगले केले होते, याची ती साक्ष असते.

फ्रेड ड्यूसेनबर्ग १९३२ सालीच मोटारीच्या अपघातानंतर मरण पावला. १९३७ मध्ये कारखाना मिटला. ‘मॉडेल जे’च्या सगळ्या मिळून सुमारे ४८० गाड्या झाल्या असतील. १९४८ मध्ये होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९६१ मध्ये यशवंतरावांनी मुंबईत देह ठेवला. माणिकबागेतले निवडक सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात विकले गेले, आणि त्या राजवाड्यात केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आली. आम्हां सरकारी नोकरांना बसायला इतकी कलात्मक वास्तू क्वचितच मिळते! गाडीचे काय झाले? ती अमेरिकेस गेली आणि तेथील संग्राहकांच्या पदरी राहिली. होळकरांच्या प्रजेच्या नातवंडांना ती पाहायची तर छायाचित्रातच पाहावी लागते. पुढे अशा जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारने निर्बंध घातले. परंतु तोवर जे जायचे ते पुष्कळसे गेले होते.

गाडी गेली याचे दुःख मानावे, हे ठीक आहे. पण ती गेली म्हणून राहिली, हेही तितकेच खरे आहे; आणि माझ्या विषयाचा गाभा येथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर खुद्द अमेरिकेत ड्यूसेनबर्गची स्थिती काय होती? कारखाना बंद, सुटे भाग मिळेनासे झालेले, पेट्रोल पिण्यात राक्षस, आणि रूप जुन्या वळणाचे. एके काळी जिची नुसती चॅसी ८,५०० डॉलरांना विकली जाई, ती गाडी जुन्या बाजारात कवडीमोलाने पडून होती. तिला भंगारात घालण्यापासून अडवणारा कोणताही कायदा नव्हता, आणि तिच्या बाजूने व्यवहाराचा एकही मुद्दा नव्हता. अशा वेळी काही वेडी माणसे निघाली. त्यांत यंत्रज्ञ होते, दुकानदार होते, धनिक थोडे होते. त्यांनी या गाड्या घेतल्या, परसात झाकून ठेवल्या, एकमेकांना पत्रे लिहून भाग जमवले, १९५२ मध्ये मंडळ स्थापन केले, आणि १९७४ मध्ये ऑबर्न गावी, कॉर्डच्याच जुन्या कचेरीच्या इमारतीत, संग्रहालय उघडले. मग जगाचे लक्ष गेले. नट गॅरी कूपर याच्याकडे असलेली १९३५ सालची ड्यूसेनबर्ग २०१८ च्या ऑगस्टमध्ये २ कोटी २० लक्ष डॉलरांना विकली गेली.

प्रत्येक थोर मोटारीच्या आयुष्यात असा एक खड्डा असतो. नवी असते तेव्हा तिला किंमत असते, फार जुनी होते तेव्हा तिला मान असतो; मधली पंचवीस-तीस वर्षे मात्र ती निव्वळ जुनाट असते. मान मिळेल की नाही हे ठरते ते या मधल्या वर्षांत तिला कोणी सांभाळले की नाही यावर.

आता दिल्लीकडे परत यावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ व २०१५ साली आदेश दिले, की राजधानीच्या प्रदेशात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावर येऊ नयेत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बंधन कायम केले. गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद हे सर्व त्या कक्षेत येतात. २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधनच देऊ नये असा हुकूम अमलात आला आणि लोकांच्या ओरडीमुळे काही दिवसांतच स्थगित झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांवरील सक्तीची कारवाई थांबवली, आणि डिसेंबरमध्ये तो दिलासा भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरता सीमित केला. म्हणजे त्याहून जुन्या गाडीची वाट पुन्हा भंगाराकडेच.

दुसरीकडे, केंद्रीय परिवहन मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांना मान देणारे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पुढच्या नोंदणीस ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी, की रोजच्या कामासाठी अथवा धंद्यासाठी ती वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत. पण ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक विलक्षण हिशेब दिसतो. पंधराव्या वर्षी गाडी टाकाऊ. पन्नासाव्या वर्षी वारसा. मधल्या पस्तीस वर्षांत तिने कोठे राहावे? १९८७ सालची फेरारी एफ-४० ही अनेकांच्या मते आपल्या पिढीची ड्यूसेनबर्ग. दिल्लीत एखादी असती तर तिची पंधरा वर्षे २००२ मध्येच पुरी झाली असती, आणि तिला मान मिळाला असता २०३७ मध्ये. होळकरांची गाडीही आजच्या या मोजमापाने १९५१ च्या सुमारासच बाद ठरली असती.

आता कोणी म्हणेल, की दिल्लीच्या हवेत श्वास घेणाऱ्या मुलापुढे मोटारीच्या आठवणीचे काय एवढे! मी या शहरात राहतो. कार्तिकापासून पौषापर्यंत येथली सकाळ कशी उगवते, हे मला कोणी सांगायला नको. कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनातून, त्यास शोधक नळकांडे नसल्यामुळे, आजच्या गाडीच्या कित्येक पट अधिक विषारी वायू बाहेर पडतात, हे निर्विवाद आहे. लक्षावधी जुन्या गाड्या रोज धूर ओकत राहाव्यात असे मी म्हणणार नाही. म्हणून त्या आदेशांना मी अन्याय म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की वापरणे आणि राखणे या दोन भिन्न क्रिया आहेत. वर्षातून चार सकाळी दहा मैल चालणारी गाडी आणि रोज चाळीस मैल धावणारी गाडी यांचे वय सारखे असेल. हवेला होणारा त्यांचा उपद्रव सारखा नाही. २०२१ च्या नियमांनी हा भेद मान्य केलाच आहे. फक्त तो पन्नास वर्षांनंतर मान्य केला आहे. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये, गाडी दिल्लीच्या रस्त्यावर आणणार नाही असे लिहून देणाऱ्या मालकांना जप्त झालेल्या गाड्या परत देण्याची मुभा दिली. राखण्याची वाट अगदीच बंद नाही. ती अरुंद आहे, आणि ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे त्याच्यासाठीच आहे.

सुपरकारचा धनी या अडचणीतून सुटतो. त्याचे शेतघर असते, गाडी तेथे झाकून ठेवता येते. नाहीतर दुसऱ्या राज्यात पाठवता येते. ज्याची गाडी गल्लीत कडुनिंबाखाली उभी असते, त्याला तिसरा मार्ग नाही. परिणाम असा होईल, की पन्नास वर्षांनी धनिकांच्या फेरारी उरतील, आणि ज्या गाडीत बसून या देशातल्या मध्यमवर्गाने पहिल्यांदा काच खाली केली, ती गाडी उरणार नाही.

मारुती ८०० मोटारीची हकीकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. सोडतीत त्यांचे नाव निघाले होते. क्रमांक, डीआयए ६४७९. सुपरकारच्या कोणत्याही व्याख्येत ही गाडी बसणार नाही. ड्यूसेनबर्गच्या बॉनेटखाली तिची दोन-तीन इंजिने सहज मावतील. पण हरपाल सिंग यांनी २०१० साली मरेपर्यंत ती दुसऱ्या कोणास दिली नाही. त्यांच्यामागे ती उघड्यावर गंजत राहिली आणि तिची छायाचित्रे पाहून पुष्कळांना चुटपुट लागली. शेवटी कारखान्यानेच ती नेली, मूळ रूपात आणली आणि आपल्या मुख्य कचेरीत मांडली. पहिली होती म्हणून ती वाचली. दुसरी, शंभरावी, दहा हजारावी कोठे गेली असेल, ते सांगायला नकोच. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादनही थांबले.

सरकार जुने यंत्र राखू शकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा एक अग्निबंब आहे. मँचेस्टरच्या जॉन मॉरिस कारखान्याचा, निजामाच्या रेल्वेकडे कामाला असलेला. तांबडा रंग, पितळी घंटा, आणि घरघराट असा, की लहान मुले कान झाकून हसू लागतात. ‘स्टेट्समन’च्या रॅलीत त्याने कित्येक वेळा भाग घेतला आहे. रेल्वेच्या कामगारांनी त्याचे इंजिन चालते ठेवले आहे. आणि चालते इंजिन व मांडून ठेवलेले इंजिन यांत जिवंत वाघ व पेंढा भरलेला वाघ यांच्याइतके अंतर आहे. गुरुग्रामच्या पलीकडे तावडू येथेही २०१३ मध्ये वाहनांचे एक मोठे खासगी संग्रहालय उघडले. तेथे पालखी-बैलगाडीपासून विमानापर्यंत सर्व आहे. पण एक-दोन संग्रहालयांत राजधानीच्या साऱ्या आठवणी मावणार नाहीत. त्या घरोघरच राहिल्या पाहिजेत.

त्यासाठी मोठी योजना नको. २०२१ च्या नियमांतल्या ज्या अटी आहेत, त्याच अटींवर पंधरा वर्षांपासूनच्या गाडीसाठी एक मधली नोंदवही उघडता येईल : रोजचा वापर नाही, वर्षातले ठरावीक दिवस, धुराची कडक तपासणी, आणि शुल्क असे, की केवळ पळवाट शोधणाऱ्याला ते परवडू नये. आक्षेप मला ठाऊक आहे. प्रत्येक जण आपल्या जुन्या गाडीला वारसा म्हणू लागेल. म्हणू द्यावे. वर्षातून चारच दिवस रस्त्यावर आणता येणारी गाडी ज्याला बाळगायची आहे, त्याच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही. धोरण ठरवणे माझ्याकडे नाही. मी दुसऱ्याच खात्यात आहे. पण फाइलींचा सराव असलेल्या माणसाला एवढे कळते, की जो भेद एका नियमात मान्य झाला आहे, तो दुसऱ्यात आणायला एक सुधारणा पुरते.

डीआयए ६४७९ या गाडीला पन्नास वर्षे २०३३ च्या डिसेंबरात पुरी होतील. नियमांप्रमाणे, आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो; तेव्हा त्या वर्षीच्या रॅलीत ती आलीच, तर तिच्या पाटीवर तीच अक्षरे आणि तेच आकडे असतील.